शत्रुद्वेषाकडून क्षमेकडे : जेकब डिशेझर यांचा बंदिवास आणि त्याचे पडसाद (१९४२–१९५९)

प्रस्तावना

क्रोध हा भारतीय परंपरेने षड्रिपूंमध्ये गणला आहे. ख्रिस्ती परंपरेतही त्याचे स्थान फारसे वेगळे नाही. चौथ्या शतकातील इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तपस्व्याने मनाला ग्रासणाऱ्या आठ कुविचारांची यादी केली, तीत क्रोध आहे. पुढे पाश्चात्त्य चर्चने मान्य केलेल्या सात महापापांतही तो कायम राहिला. मात्र नीतिग्रंथांतील क्रोध आणि इतिहासातील क्रोध यांत अंतर असते. नीतिग्रंथ क्रोधी मनुष्याला सहसा एकटा कल्पितो, इतिहासात मात्र क्रोधाला सैन्य असते, वृत्तपत्रे असतात, राष्ट्राची मान्यता असते. युद्धकाळात तर शत्रूविषयीचा संताप हा दोष न राहता कर्तव्य ठरतो. अशा काळात एखाद्या सैनिकाने आपला क्रोध ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर टाकून दिला असे सांगितले जाते, तेव्हा नेमके काय घडले, ते कोणत्या परिस्थितीत घडले आणि त्या घटनेची नोंद कशी झाली, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाहीत.

प्रस्तुत लेखात अमेरिकन वायुदलातील कॉर्पोरल जेकब डॅनिएल डिशेझर यांच्या उदाहरणाचा विचार केला आहे. १९४२ साली जपानवर बॉम्ब टाकणारा हा मनुष्य १९४८ साली मिशनरी म्हणून त्याच देशात परतला. ख्रिस्ती भक्तिपर साहित्यात ही कथा वारंवार सांगितली गेली आहे. परंतु ती जितकी सरळ सांगितली जाते तितकी सरळ नाही, आणि तिचे महत्त्वही त्यातच आहे.

छापा आणि कैद

डिशेझर यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९१२ रोजी ओरेगॉन राज्यातील वेस्ट स्टेटन येथे झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. आईच्या पुनर्विवाहानंतर त्यांचे बालपण त्याच राज्यातील मद्रास नावाच्या गावी (आपल्याकडील मद्रासशी या गावाचे नावापलीकडे नाते नाही) गव्हाच्या शेतावर गेले. घराणे फ्री मेथॉडिस्ट पंथाचे होते. हा पंथ १८६० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाला. गुलामगिरीला विरोध आणि चर्चमधील बाके भाड्याने देण्याच्या प्रथेला विरोध ही त्याची आरंभीची ओळख होती. जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात मांडलेला ‘ख्रिस्ती पूर्णते’चा विचार त्याने आग्रहाने पुढे चालविला. बाह्य आचरण सुधारणे पुरेसे नाही. द्वेष, क्रोध व अहंकार यांचे मूळच अंतःकरणातून उपटले गेले पाहिजे आणि ईश्वरी कृपेने ते याच जन्मी शक्य आहे, असा हा विचार होता. तरुण डिशेझर यांनी या शिकवणुकीत रस घेतला नाही. मंदीच्या काळात मेंढपाळांच्या तळांना शिधा पोहोचविणे, टर्की पक्षी पाळण्याचा व्यवसाय करून त्यात तोटा सोसणे असे करीत १९४० साली ते सैन्यात दाखल झाले.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी त्यांनी ऐकली तेव्हा ते लष्करी तळाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. जपानला याची किंमत मोजावी लागेल, असे उद्गार त्या क्षणी संतापाने आपल्या तोंडून निघाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. काही आठवड्यांतच लेफ्टनंट कर्नल जेम्स डूलिटल यांच्या गुप्त मोहिमेसाठी स्वयंसेवक मागविण्यात आले आणि डिशेझर यांनी होकार दिला.

१८ एप्रिल १९४२ रोजी ‘हॉर्नेट’ या विमानवाहू नौकेवरून १६ बी-२५ विमाने व ८० सैनिक जपानच्या दिशेने निघाले. जपानी टेहळणी बोटीने ताफा पाहिल्यामुळे विमानांना ठरल्यापेक्षा सुमारे दहा तास आधी आणि किनाऱ्यापासून बरेच दूर असतानाच उड्डाण करावे लागले. परिणामी चीनमधील मित्र विमानतळांपर्यंत पोहोचण्याइतके इंधन उरणार नाही, हे बहुतेकांना आरंभीच कळून चुकले होते. सर्वांत शेवटच्या, म्हणजे सोळाव्या विमानात लेफ्टनंट विल्यम फॅरो हे वैमानिक आणि डिशेझर हे बॉम्ब टाकणारे होते. त्यांचे लक्ष्य नागोया शहर होते. तेथे बॉम्ब टाकून विमान चीनकडे वळले. इंधन संपताच पाचही जणांनी रात्रीच्या अंधारात हवाई छत्रीने उड्या घेतल्या. तो प्रदेश जपानी सैन्याच्या ताब्यात होता. डिशेझर एका कबरस्थानात उतरले आणि दुसऱ्या दिवशी पकडले गेले.

सहाव्या विमानातील वाचलेले तिघे धरून एकूण आठ अमेरिकन जपान्यांच्या हाती लागले. छाप्यानंतर चार महिन्यांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, जपानने शत्रूच्या वैमानिकांसंबंधी एक कायदा केला आणि तो पूर्वलक्षी प्रभावाने या आठ जणांना लावला. शाळा व नागरी वस्तीवर हल्ला केल्याचा आरोप ठेवून शांघाय येथे अल्पकाळात खटला उरकण्यात आला. छाप्यात जपानमधील सुमारे पन्नास लोक मृत्युमुखी पडले होते व त्यांत नागरिक होते, ही गोष्ट खरी आहे. परंतु आरोपींना ना वकील मिळाला ना भाषा समजली. आठांनाही मृत्युदंड सुनावण्यात आला, नंतर पाच जणांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. फॅरो, डीन हॉलमार्क आणि हॅरॉल्ड स्पॅट्झ यांना १५ ऑक्टोबर १९४२ रोजी गोळ्या घालून ठार करण्यात आले.

क्रोधाचे कारावासातील रूप

पुढील काळ एकांतवासाचा होता. चाळीस महिन्यांच्या कैदेपैकी चौतीस महिने डिशेझर एकट्याच्या कोठडीत होते. एप्रिल १९४३ पासून नानकिंगच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. अन्न अपुरे, उन्हाळा असह्य, हिवाळ्यात पांघरूण तुटपुंजे. हगवणीने व अंगावरील गळवांनी ते खंगत गेले. या काळातील मनःस्थितीचे वर्णन करताना पहारेकऱ्यांविषयीच्या द्वेषाने आपण वेडाच्या सीमेवर पोहोचलो होतो, असे त्यांनी लिहिले आहे. क्रोधाला कृतीची वाट मिळाली नाही की तो स्वतःलाच खाऊ लागतो, असे प्राचीन तपस्वी सांगत. येथे वाट बंद करणारी गोष्ट संयम नसून दगडी भिंत होती.

१ डिसेंबर १९४३ रोजी लेफ्टनंट रॉबर्ट मीडर बेरीबेरी व हगवण यांनी त्याच तुरुंगात मरण पावले. ही घटना दोन कारणांनी निर्णायक ठरली. व्यायामासाठी बाहेर काढले जाई तेव्हा मीडर व डिशेझर यांच्यात धर्मविषयक बोलणे होत असे; ख्रिस्त हाच या साऱ्या द्वेषावरचा उपाय आहे असे मीडर यांचे मत होते. असे बोलणारा मनुष्यच गेल्याने, माणसे एकमेकांचा इतका द्वेष का करतात, हा प्रश्न डिशेझर यांच्या मनात घर करून बसला. दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते. एका कैद्याच्या मृत्यूने तुरुंगाचे अधिकारी सावध झाले, अन्न किंचित सुधारले आणि कैद्यांना वाचावयास काही इंग्रजी पुस्तके मिळाली. त्यांत एक बायबल होते.

भक्तिपर कथनांत या दुसऱ्या कारणाला फारसे स्थान मिळत नाही. परंतु उपाशी माणसाच्या आत्मिक परिवर्तनाचा विचार करताना त्याच्या ताटात पडलेली भाकरी वगळता येत नाही. परिस्थितीतील सुधारणेमुळेच परिवर्तन झाले असे म्हणता येणार नाही, कारण तीच सुधारणा इतर तिघांच्याही वाट्याला आली होती. मात्र तिच्याशिवाय ते ग्रंथवाचन संभवले नसते.

तीन आठवड्यांचे वाचन

कोठडीतही अमेरिकन सैन्यातील दर्जाचा क्रम पाळला गेला, ही बाब लक्षणीय आहे. नील्सन, हाइट आणि बार हे तिघे अधिकारी होते. डिशेझर हे जिवंत असलेल्यांपैकी एकटेच साधे कॉर्पोरल. त्यामुळे बायबल त्यांच्या हाती सर्वांत शेवटी, मे १९४४ मध्ये आले आणि तेही केवळ तीन आठवड्यांसाठी. उंचावरील लहान झरोक्यातून येणाऱ्या उजेडात त्यांनी ते आरंभापासून अखेरपर्यंत अनेकदा वाचले व काही भाग मुखोद्गत केले. त्यांच्या निवेदनानुसार ८ जून १९४४ हा निर्णायक दिवस होता. पौलाच्या रोमकरांस पत्रातील दहाव्या अध्यायाचे नववे वचन वाचताना आपण विश्वास स्वीकारला, असे ते सांगतात.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पहिली अशी की, बायबल हा ग्रंथ केवळ क्षमेचा नाही. स्तोत्रसंहितेत शत्रूच्या नाशासाठी केलेल्या प्रार्थना आहेत, संदेष्ट्यांच्या ग्रंथांत राष्ट्रांवर कोसळणारा ईश्वरी कोप आहे. डिशेझर यांनी ते सर्व वाचले. त्याच ग्रंथाच्या आधारे त्या काळी दोन्ही गोलार्धांतील धर्मोपदेशक आपापल्या देशाच्या सैन्यांना आशीर्वाद देत होते. तेव्हा ‘बायबल वाचले आणि क्रोध गेला’ असे कार्यकारणाचे सूत्र पुरेसे ठरत नाही. कोणत्या वचनांना त्यांनी मध्यवर्ती मानले, हे अधिक महत्त्वाचे आहे. ती वचने डोंगरावरील प्रवचनातील शत्रुप्रीतीच्या आज्ञेची आणि वधस्तंभावरून येशूने आपल्या मारेकऱ्यांसाठी केलेल्या प्रार्थनेची होती.

दुसरी गोष्ट लहानपणी ऐकलेल्या शिकवणुकीची. घरी ज्या वेस्लीपंथी उपदेशाकडे त्यांनी पाठ फिरविली होती, त्यानेच आता अनुभवाला भाषा पुरविली. आपला द्वेष हे शत्रूच्या दुष्कृत्याचे न्याय्य फळ आहे असे न मानता ते स्वतःचे पाप आहे असे त्यांनी मानले. या निष्कर्षापर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. ज्याचे सहकारी गोळ्यांना बळी पडले, ज्याला उपाशी ठेवले गेले, त्याच्या संतापाला कोणीही दोष दिला नसता. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात भावावर रागावणाऱ्यास दोषी ठरविणारे वचन आहे; त्यात काही प्राचीन हस्तलिखितांमध्ये ‘विनाकारण’ अशा अर्थाचा शब्द आढळतो, काहींत आढळत नाही. पाचव्या शतकातील संन्यासी लेखक जॉन कॅसियन याने तो शब्द मागाहून घुसडलेला आहे असे ठासून सांगितले होते, कारण आपला क्रोध सकारण आहे असे प्रत्येकालाच वाटते. डिशेझर यांना कॅसियन ठाऊक असण्याचा संभव कमीच. पण त्यांच्या कोठडीत त्याच वादाचा निकाल लागत होता.

दरवाजा आणि रताळे

परिवर्तनाची कसोटी लवकरच लागली. एके दिवशी कोठडीत परतताना पहारेकऱ्याने त्यांना घाईने आत ढकलले आणि लोखंडी दरवाजा त्यांच्या अनवाणी पायावर आदळला. पाय दारात अडकलेला असताना पहारेकऱ्याने खिळे मारलेल्या बुटाने त्यावर लाथा मारल्या. वेदनेबरोबर जुना संताप उसळून आला, हे डिशेझर यांनी लपविलेले नाही. येथे त्यांच्या निवेदनाची विश्वसनीयता वाढते. श्रद्धेने क्रोध नाहीसा झाला असा दावा ते करीत नाहीत. तो आला, आणि त्याच क्षणी शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञाही आठवली, असे ते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या पहारेकऱ्याला जपानी भाषेत आदरपूर्वक सुप्रभात म्हटले. तो चकित झाला. कैद्याचे डोके फिरले असावे असे त्याला वाटले असल्यास नवल नाही. डिशेझर यांनी हा क्रम रोज चालू ठेवला. काही दिवसांनी पहारेकरी थांबून बोलू लागला, कुटुंबाच्या गोष्टी निघाल्या, आणि एके सकाळी दाराच्या फटीतून त्याने एक उकडलेले रताळे आत सरकविले.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात भुकेल्या शत्रूला जेवू घालण्याची आज्ञा आहे. नानकिंगमध्ये या आज्ञेचा क्रम उलटलेला दिसतो. भुकेला होता तो आज्ञा पाळणाराच. त्याच्यापाशी देण्यासारखे एका अभिवादनापलीकडे काही नव्हते, आणि अन्न दिले ते शत्रूने. बंदिवानाची क्षमा आणि विजेत्याची क्षमा यांत हा मूलभूत फरक आहे. विजेता क्षमा करतो तेव्हा तो दंड करण्याचा अधिकार सोडून देत असतो. डिशेझर यांच्यापाशी सोडण्यासारखा अधिकार नव्हता, होता तो केवळ द्वेष. आणि एकांतवासात तोच कित्येकांचा जगण्याचा आधार बनतो.

‘साक्ष’ : एक ऐतिहासिक साधन

या साऱ्या घटनांचे प्रमुख साधन डिशेझर यांचे स्वतःचे कथन होय. सुटकेनंतर त्यांनी ते भाषणांतून व लेखांतून मांडले. सिॲटल पॅसिफिक महाविद्यालयाचे अध्यक्ष सी. हॉइट वॉटसन यांनी १९५० साली त्यावर चरित्र लिहिले. इव्हँजेलिकल ख्रिस्ती समाजात ‘साक्ष’ हा कथनप्रकार रूढ आहे. त्याला ठरलेला घाट असतो : आधीचा अंधार, निर्णायक क्षण, नंतरचा प्रकाश. या घाटात आधीचा मनुष्य प्रत्यक्षात होता त्याहून काळा आणि नंतरचा अधिक उजळ दिसण्याचा धोका असतो. १० ऑगस्ट १९४५ रोजी आपण सकाळपासून शांततेसाठी प्रार्थना करीत होतो आणि दुपारी युद्ध संपल्याची जाणीव अंतर्यामी झाली, असेही ते सांगतात. त्याच दिवशी जपानने शरणागतीची तयारी दोस्त राष्ट्रांना कळविली होती. असे प्रसंग श्रद्धेच्या कक्षेत राहतात. इतिहासाची साधने त्यांचा निर्णय करू शकत नाहीत.

तथापि या साक्षीला बाह्य पुरावा आहे आणि तो शब्दांचा नसून वर्तनाचा आहे. २० ऑगस्ट १९४५ रोजी पेकिंग येथे अमेरिकन पथकाने चौघांची सुटका केली. मायदेशी परतलेल्या वीराला सुखाने जगण्याची मुभा होती. डिशेझर यांनी सिॲटल पॅसिफिक महाविद्यालयात प्रवेश घेतला, १९४८ मध्ये पदवी मिळविली आणि २८ डिसेंबर १९४८ रोजी पत्नी फ्लॉरेन्स यांच्यासह योकोहामा बंदरात पाऊल ठेवले. पुढील सुमारे तीस वर्षे त्यांनी जपानमध्ये काढली. एवढा दीर्घ काळ केवळ कथनाच्या घाटासाठी कोणी खर्च करीत नाही.

अर्थात राजकीय हवाही अनुकूल होती. जपानवर अमेरिकन ताबा होता. जनरल मॅकआर्थर यांनी ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराला उघड प्रोत्साहन दिले होते व मिशनरी पाठविण्याचे आवाहन केले होते. जेत्याच्या देशातून आलेला प्रचारक क्षमेची भाषा बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ती दोन प्रकारे ऐकू येऊ शकते. डिशेझर यांच्याविषयी लोकांना कुतूहल वाटले याचे कारण, त्यांनी जेता म्हणून नव्हे, तर जपानचा कैदी म्हणून बोलणे पसंत केले. ‘मी जपानचा कैदी होतो’ या आशयाच्या शीर्षकाचे त्यांचे पत्रक ते पोहोचण्यापूर्वीच जपानमध्ये दहा लाखांहून अधिक प्रतींनी वाटले गेले होते.

फुचिदा यांचा प्रश्न

त्या पत्रकाची एक प्रत १९४८ साली टोकियोतील शिबुया स्थानकाबाहेर मित्सुओ फुचिदा यांच्या हाती पडली. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या पहिल्या लाटेचे नेतृत्व करणारे हेच ते वैमानिक. युद्धोत्तर काळात ते कडवट मनाने शेती करीत होते. युद्धगुन्ह्यांचे खटले म्हणजे जेत्यांचा सूड होय, अमेरिकनांनीही जपानी कैद्यांचा छळ केलाच असला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. पुरावा गोळा करण्यासाठी १९४७ मध्ये ते अमेरिकेतून परतणाऱ्या कैद्यांना उरागा बंदरावर भेटले. तेथे त्यांना छळाऐवजी मार्गारेट कोव्हेल या तरुणीची हकीकत ऐकावयास मिळाली. तिचे आईवडील जपानमध्ये काम केलेले मिशनरी होते. २० डिसेंबर १९४३ रोजी फिलिपिन्समधील पनाय बेटावर जपानी सैनिकांनी त्यांना इतर अमेरिकन बाप्तिस्त मिशनऱ्यांसह ठार केले होते. असे असूनही ही मुलगी जखमी जपानी कैद्यांची शुश्रूषा करीत होती. सूडाला नीती मानणाऱ्या योद्ध्याच्या संस्कारात हे बसत नव्हते. त्यानंतर डिशेझर यांचे पत्रक वाचून त्यांनी बायबल विकत घेतले. १९४९ मध्ये लूककृत शुभवर्तमानातील तेविसाव्या अध्यायातील क्षमेची प्रार्थना त्यांच्या वाचनात आली. १९५० साली ते डिशेझर यांना भेटले आणि दोघांनी ओसाका येथे एकाच व्यासपीठावरून भाषणे केली. त्याच वर्षाच्या सुरुवातीस डिशेझर यांनी जपानसाठी चाळीस दिवसांचा उपवास केला होता.

फुचिदा हे साधन म्हणून मात्र जपून हाताळावे लागतात. जोनाथन पार्शल व अँथनी टली यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मिडवे लढाईवरील ग्रंथात जपानी कागदपत्रांच्या आधारे त्या लढाईविषयीचे फुचिदा यांचे कथन चुकीचे असल्याचे दाखविले. २०१० मध्ये पार्शल यांनी त्यांच्या आणखी काही दाव्यांवर आक्षेप घेतला. आपल्या लष्करी भूमिकेविषयी अतिशयोक्ती करणारा मनुष्य आपल्या धर्मांतराविषयी नेमके बोलत असेल काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ठाम देता येत नसले तरी त्यांचे उत्तरायुष्य, म्हणजे १९७६ मधील मृत्यूपर्यंत केलेले प्रचारकार्य, सार्वजनिक नोंदीत आहे. श्रद्धेने सूडबुद्धी शमली तरी बढाईची सवय जात नाही, एवढाच याचा अर्थ असू शकेल.

न्याय, क्षमा आणि चीनमधील मृत

डिशेझर यांच्या कथेतील सर्वांत अवघड प्रश्न त्यांच्या सहकाऱ्यांच्या वाटचालीतून पुढे येतो. चेस नील्सन हे १९४६ च्या आरंभी शांघायला परतले ते साक्ष देण्यासाठी. तेथे अमेरिकन लष्करी आयोगापुढे चार जपानी अधिकाऱ्यांवर खटला चालला. तिघांना पाच वर्षे आणि एकास नऊ वर्षे अशी शिक्षा झाली. अनेक अमेरिकनांना ती फारच सौम्य वाटली. जॉर्ज बार यांची प्रकृती व मन इतके खचले होते की सुटकेनंतरही त्यांना दीर्घकाळ उपचार घ्यावे लागले. एकाच तुरुंगातून बाहेर पडलेल्या तिघांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या : एकाने न्याय मागितला, एकाने क्षमा केली, एकाला या दोहोंइतके बळच उरले नव्हते. यांतील एकाला आदर्श ठरवून इतरांना उणे लेखणे अन्यायाचे होईल. नील्सन यांची साक्ष नसती तर फॅरो, हॉलमार्क व स्पॅट्झ यांच्या वधाचे अनेक तपशील नोंदले गेले नसते. क्षमा ही घटनेच्या विस्मरणावर उभी राहू शकत नाही; जे घडले ते कोणीतरी शपथेवर सांगावे लागतेच.

आणखी एक बाजू भक्तिपर साहित्यात जवळजवळ अनुपस्थित आहे. छाप्यातील वैमानिकांना चिनी शेतकऱ्यांनी आश्रय दिला, आणि त्याचा सूड म्हणून व विमानतळ नष्ट करण्यासाठी जपानी सैन्याने मे ते सप्टेंबर १९४२ या काळात चेच्यांग व च्यांगशी प्रांतांत मोहीम चालविली. तीत मारल्या गेलेल्या चिनी नागरिकांचा अंदाज अडीच लाखांपर्यंत दिला जातो. डिशेझर आपल्या पहारेकऱ्याला क्षमा करू शकत होते, कारण पाय त्यांचा होता. त्या अडीच लाखांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि तो आपणास आहे असे त्यांनी म्हटलेही नाही. वैयक्तिक क्रोधावरील विजय आणि राष्ट्राराष्ट्रांतील हिशेब या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की क्षमेचे रूपांतर सोयीस्कर मौनात होते. शीतयुद्धाच्या काळात जपान मित्रराष्ट्र झाल्यावर अशी गल्लत पुष्कळांना सोयीची वाटलीही.

नागोया

१९५९ साली डिशेझर नागोया येथे राहावयास गेले आणि सतरा वर्षांपूर्वी ज्या शहरावर त्यांनी बॉम्ब टाकले होते, तेथे त्यांनी चर्च उभारले. छाप्याविषयी त्यांनी आयुष्यभर एक संमिश्र भूमिका ठेवली असे दिसते. डूलिटल यांच्या सहकाऱ्यांशी त्यांनी संबंध तोडले नाहीत, त्यांच्या मेळाव्यांनाही ते उपस्थित राहत. त्याच १९५९ मध्ये ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहराने या पथकाला ऐंशी चांदीचे पेले भेट दिले होते. प्रत्येक पेल्यावर एकेका सैनिकाचे नाव दोनदा कोरलेले आहे, एकदा सुलट आणि एकदा उलट. सैनिक मरण पावला की त्याचा पेला उलटा ठेवावयाचा, म्हणजे नाव वाचता येते. फॅरो, हॉलमार्क, स्पॅट्झ आणि मीडर यांचे पेले आरंभापासूनच उलटे होते. डिशेझर १९७७ मध्ये निवृत्त होऊन ओरेगॉनला परतले आणि १५ मार्च २००८ रोजी सेलम येथे वयाच्या ९५ व्या वर्षी निधन पावले. त्यांचा पेलाही मग त्या चौघांच्या पेल्यांसारखाच उलटा ठेवण्यात आला.